कोडात होता, यंत्रात नव्हता: शिरोलीतल्या एका नेटवर्क ड्रायव्हरचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून रात्री पावणेदोनला फोन आला. सुपरवायझर काका म्हणाले, "सर, तुमचं डबडं परत झोपलं बघा." मी अर्धवट झोपेतच विचारलं, बंद पडलंय का? "बंद न्हाई ओ. दिवा लागलाय, पंखा फिरतोय. झोपलंय."

आमच्या धंद्यात कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; काकांना मात्र कर्नल म्हटलं की फौजेतलाच आठवतो, त्यांचा मुलगा सैन्यात आहे. पण त्या रात्री त्यांनी वापरलेलं क्रियापद अचूक होतं. तिथवर पोचायला आम्हाला पुढे पाच आठवडे लागले.

डबडं

आम्ही चौघं. ऑफिस उद्यमनगरात, एका वर्कशॉपच्या माडीवर. खाली लेथ चालू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. बनवतो ते एक छोटं औद्योगिक संगणकाचं खोकं. चार कोअरचा प्रोसेसर, त्यावर लिनक्स, त्यात एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणारं केव्हीएम, आणि तशी दोन आभासी यंत्रं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एक बाहेरच्या नेटची राखण करतं, दुसरं भट्टीचे पॅनल, ऊर्जामीटर आणि तापमानाची उपकरणं यांच्याकडून आकडे गोळा करतं. बाहेरचं नेट आणि भट्टीचं नेट एकमेकांत मिसळू नये ही गिऱ्हाइकाची अट, म्हणून दोन गेस्ट. आतलं आभासी यंत्र म्हणजे गेस्ट, त्याला पोटात घेणारं खरं यंत्र म्हणजे होस्ट.

केव्हीएम लिनक्समध्ये आलं २००७ साली, २.६.२० आवृत्तीत. पाठोपाठ २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ मध्ये व्हर्टिओचे ड्रायव्हर (कर्नलला उपकरणाशी बोलू देणारे प्रोग्राम) आले. गेस्टला खरं नेटवर्क कार्ड असल्याचं सोंग दाखवण्यापेक्षा गेस्ट आणि होस्ट यांनी एका सामायिक मेमरीत बसून सरळ देवाणघेवाण करावी, ही त्यामागची कल्पना. तयार आहे, जगभर तावूनसुलाखून निघालेलं आहे. आम्ही ते वापरलं नाही. कारण आम्हाला प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर ते होस्टकडे नेमकं कधी पोचलं याचा शिक्का हवा होता. मग मी व्हर्टिओच्या रिंगची, म्हणजे त्या सामायिक मेमरीतल्या गोल रांगेची, रचना उचलली, हेडरमध्ये आठ बाइट वाढवले, आणि गेस्टसाठी कर्नल मॉड्यूल आणि होस्टवरचा जोडीदार प्रोग्राम, दोन्ही स्वतः लिहिले. या निर्णयाचं समर्थन मी तेव्हा तासभर करू शकलो असतो. आता पाच मिनिटंही करणार नाही.

हाक मारण्याचा करार

पुढचं समजायला रिंगचं एकच अंग नीट बघावं लागतं, ते म्हणजे झोपणं आणि उठवणं.

पॅकेट येतं तेव्हा होस्ट गेस्टला इंटरप्ट, म्हणजे उठवणारी हाक, देतो. पॅकेटांची रांग लागली असताना प्रत्येकासाठी इंटरप्ट परवडत नाही, म्हणून लिनक्सच्या नॅपी पद्धतीत ड्रायव्हर पहिल्या इंटरप्टला जागा होतो, पुढचे इंटरप्ट बंद करतो आणि स्वतःच रिंग उपसत बसतो, एका फेरीत ६४ पॅकेटांपर्यंत. रिंग रिकामी झाली की "आता पुढचं आलं की मला उठव" अशी नोंद सामायिक मेमरीत करतो आणि झोपतो. झोपण्याआधी रिंगकडे एकदा शेवटचं बघतो. हे शेवटचं बघणं फार महत्त्वाचं.

फाउंड्रीच्या स्टोअरमधला माणूस डोळ्यांपुढे आणा. ट्रे रिकामा झाला की तो पाटीवर लिहितो, "माल आला की हाक मारा", मग ट्रेकडे एक नजर टाकतो आणि आत जाऊन आडवा होतो. बाहेरचा हमाल आधी माल ट्रेत ठेवतो, मग पाटी बघतो. दोघांनी आपापला क्रम पाळला तर चूक होऊच शकत नाही. एक तर हमालाला पाटी दिसेल, नाही तर स्टोअरवाल्याला माल दिसेल. फार तर दोन्ही होईल, त्यात नुकसान नाही.

फसतं ते वेगळ्याच कारणाने. हा स्टोअरवाला थेट पाटीवर लिहीतच नाही. खिशातल्या डायरीत लिहितो आणि सवडीने पाटीवर उतरवतो. त्याच्या लेखी काम झालं, त्याने ट्रे बघितला, रिकामा होता, तो झोपला. तेवढ्या क्षणात हमालाने माल ठेवला, पाटी बघितली, कोरी होती, तो निघून गेला. डायरीतलं वाक्य पाटीवर उतरलं, पण उशिरा.

प्रोसेसरमधल्या या डायरीला स्टोअर बफरच म्हणतात. एक्स-८६, म्हणजे इंटेल-एएमडी घराण्याचा प्रोसेसर मेमरीचा क्रम मोडत नाही असा समज आपल्या लोकांत घट्ट आहे. बऱ्याच अंशी तो खराही आहे: लागोपाठची दोन लेखनं किंवा दोन वाचनं बाहेरून बघणाऱ्याला लिहिलेल्या क्रमानेच दिसतात. उलटू शकते ती एकच जोडी, आधी एका जागी लिहिणं आणि मग दुसरीच जागा वाचणं. आमच्या करारात नेमकी तीच जोडी दोन्ही बाजूंना आहे. त्यावर उपाय म्हणजे मध्ये पूर्ण बॅरियर घालणं, डायरी पाटीवर उतरल्याशिवाय ट्रेकडे बघायचं नाही असा हुकूम. लिनक्समध्ये त्यासाठी एसएमपी_एमबी नावाचा बॅरियर आहे.

आणि तो मी घातला होता. वर चार ओळींची टिप्पणीही लिहिली होती, का घातला ते सांगणारी. पाच आठवड्यांत आम्ही चौघांनी ती ओळ किती वेळा वाचली असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी बरोबरच वाटली.

लक्षणं, आणि एक वाईट उपाय

चार-पाच दिवसांतून एकदा, बहुतेक रात्री, आलेख सपाट व्हायचा. गेस्ट जिवंत असायचा, कन्सोलवर लॉगिन व्हायचं. गेस्टमधून पॅकेट बाहेर जायची. होस्टवर पॅकेट टिपणारा टीसीपीडम्प लावला की गेस्टचा एआरपीचा, म्हणजे 'हा पत्ता कोणाचा?' असा प्रश्न दिसायचा, मीटरचं उत्तरही दिसायचं. ते उत्तर गेस्टपर्यंत पोचायचं नाही. इंटरफेस एकदा खाली घेऊन वर केला की सगळं सुरळीत.

या शेवटच्या गोष्टीने घात केला. जे एका कमांडने बरं होतं त्याच्या मुळाशी जायचा कंटाळा येतो. मी एक स्क्रिप्ट लिहिली: दर ३० सेकंदांनी पिंग, तीनदा उत्तर नाही आलं तर इंटरफेस खाली-वर. फाउंड्री खूश, आम्ही खूश. चार महिने कोणाचा फोन नाही.

मग एका हीटची, म्हणजे भट्टीतल्या एका खेपेच्या रसाची, नोंदच सापडेना. एसजी आयर्न या बिडाच्या प्रकाराच्या ओतकामात मॅग्नेशियमची प्रक्रिया केलेला रस फार वेळ थांबवता येत नाही, मॅग्नेशियमचा असर मिनिटांच्या हिशोबात ओसरत जातो. म्हणून लॅडलमध्ये, म्हणजे रस वाहायच्या भांड्यात, तापमापक बुडवून डिप घ्यायचा, तापमान बघायचं आणि लगेच ओतायचं. ते एका डिपचं तापमान दोन-चार सेकंदांत येतं आणि एकदाच येतं. नेमकं त्या वेळी आमचं खोकं मिनिटभराहून जास्त झोपेत होतं. पुढे वाहन उद्योगातल्या त्यांच्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने ती नोंद मागितली आणि फाउंड्रीच्या मालकांनी आम्हाला बोलावलं. ते चिडले नाहीत. चहा पाजला आणि म्हणाले, "भट्टीपुढं माझी माणसं चौदाशे डिग्रीत उभी ऱ्हात्यात, आणि तुमच्या मशीनला एसीत झोप येती व्हय?" यापेक्षा चिडलेले बरे.

स्क्रिप्ट त्यानंतर बंद ठेवली. काकांचा पावणेदोनचा फोन त्याच आठवड्यातला.

जिथे शोधलं तिथे नव्हतं

पहिला संशय केबलवर. इंडक्शन भट्टीशेजारी विद्युत गोंगाट असतो हे खरं आहे, आणि खरं असलेलं कारण नेहमी सोयीचं पडतं. किंबहुना वर्षभर आधी, आमची पहिली आवृत्ती चालू असताना, अधूनमधून एखादं उत्तर उशिरा यायचं तेव्हाही आम्ही भट्टीलाच दोष देऊन फाउंड्रीला शील्ड असलेली केबल टाकायला लावली होती. खर्च त्यांनी केला. हा मुद्दा पुढे परत येईल.

मग ऑफिसात आयपर्फ लावून तीन दिवस पॅकेटांचा भडिमार केला. काही झालं नाही. होणारही नव्हतं. भडिमारात नॅपीला झोपायला सवडच मिळत नाही, आणि आमचा दोष झोपण्याच्या क्षणात होता. फाउंड्रीत मीटरना एकामागून एक विचारलं जातं, सेकंदाला साधारण २० प्रश्न, प्रत्येक उत्तर एकटं येतं, प्रत्येक उत्तरानंतर ड्रायव्हर झोपतो. दिवसाला १७ लाख २८ हजार डुलक्या. चार-पाच दिवसांतून एक अडक म्हणजे सत्तर-ऐंशी लाख डुलक्यांत एक. जड वाहतुकीत न दिसणारा आणि रिकाम्या रस्त्यावर दिसणारा दोष शोधताना आम्ही रस्ता भरून बघत होतो.

हे लक्षात आल्यावर एकेक पॅकेट पाठवून उत्तर घेणारी छोटी चाचणी लिहिली, सेकंदाला १५,००० फेऱ्यांची. हिशोबाने आठ-नऊ मिनिटांत अडकायला हवं होतं. रात्रभर चालली, अडकली नाही. कारण चाचणी माझ्या लॅपटॉपवर, डेबियन या लिनक्सच्या तयार कर्नलच्या गेस्टमध्ये चालली होती. हा फरक तेव्हा कोणाला फरकच वाटला नाही. यात दोन आठवडे गेले. ते आठवडे इथे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही.

शेवटी फाउंड्रीतलंच खोकं उचलून उद्यमनगरात आणलं आणि तीच इमेज, तीच चाचणी चालवली. २३ व्या मिनिटाला झोपलं. दुसऱ्यांदा सहाव्या. ड्रायव्हरमध्ये नोंद छापणारा प्रिंटके घातला की मात्र झोपेना: प्रत्येक ओळ सीरियल पोर्टवर जाताना गेस्टमधून होस्टमध्ये उडी मारावी लागते, आणि तेवढ्यात डायरी पाटीवर उतरून जाते. गेस्टचा आभासी सीपीयू आणि होस्टचा प्रोग्राम एकाच कोअरला बांधले तरी झोपेना. दोन कोअरना बांधले की झोपणार. इथे पहिल्यांदा माझ्या मनात बॅरियर हा शब्द आला, आणि मी परत ती ओळ उघडून वाचली. होती. बरोबर होती.

२५६

झोपलेल्या गेस्टला न उठवता, गेस्ट चालवणाऱ्या क्यूएमयूच्या मॉनिटरमधून त्याची मेमरी वाचली. गेस्टची नोंद सांगत होती, "४७११ च्या पुढचं आलं की उठव." होस्टचा पोचवलेल्या पॅकेटांचा आकडा होता ४९६७. वजाबाकी २५६. आमची रिंग २५६ खणांचीच. म्हणजे होस्टने सगळे खण भरले, जागा संपली म्हणून पुढची पॅकेट टाकून दिली, आणि एकदाही हाक मारली नाही.

इथे आमच्या दुसऱ्या आवृत्तीतला 'शहाणपणा' उघडा पडला. पहिल्या आवृत्तीत झोपेची नोंद म्हणजे साधा झेंडा होता: इंटरप्ट हवा किंवा नको. दुसरीत मी व्हर्टिओसारखाच इव्हेंट इंडेक्स आणला, म्हणजे "अमुक आकडा ओलांडलास की उठव". इंटरप्ट वाचतात. पण होस्टने तो आकडा ओलांडताना जुनी नोंद वाचली, तर पुढच्या पॅकेटला तो म्हणतो, हा आकडा तर मागेच गेला. सोळा बिटांचा मोजणारा ६५,५३६ चा फेरा पूर्ण करून परत त्या जागी येईपर्यंत हाक नाही, आणि २५६ खणांत फेरा कुठला पूर्ण होतोय. झेंड्याच्या पद्धतीत हीच चूक झाली तर पुढच्या पॅकेटला झेंडा दिसतो आणि गेस्ट उठतो. फक्त उशीर होतो.

किती उशीर? पहिल्या आवृत्तीच्या काळातले लॉग परत काढले. उशिरा आलेली उत्तरं जवळपास सगळी २०० मिलिसेकंदांच्या किंचित वर. लिनक्सच्या टीसीपीत उत्तर न आल्यास पुन्हा पाठवण्याआधीची किमान वाट २०० मिलिसेकंदच आहे. गेस्ट वाट बघून प्रश्न परत पाठवायचा, मीटरकडून त्याची पोच यायची, त्या पॅकेटच्या हाकेने गेस्ट उठायचा आणि आधीच येऊन पडलेलं उत्तर त्याला सापडायचं. भट्टीचा गोंगाट इतका घड्याळ लावून होत नसतो. आकडा वर्षभर डोळ्यांसमोर होता आणि आम्ही केबल बदलायला लावली.

लॉक कुठाय?

होस्टची बाजू तपासली, तिथे पूर्ण बॅरियर होता. गेस्टची बाजू कोडात तपासून झालेलीच होती. आमच्यातली सगळ्यात धाकटी, नुकतीच एमएससी करून आलेली, तिने कोड वाचायचं सोडून मॉड्यूलची बायनरी, म्हणजे कंपायलरने बनवलेला यंत्रकोड, ऑब्जडम्पने उलगडली. संध्याकाळी खालची लेथ थांबली होती. ती म्हणाली, "सर, हितं लॉक कुठाय?"

चौसष्ट बिटांच्या एक्स-८६ वर एसएमपी_एमबी पूर्वी एमफेन्स सूचना व्हायची, २०१७ पासून स्टॅकवर लॉक लावलेली एक निरर्थक बेरीज होते. लॉक हा सूचनेपुढचा उपसर्ग, तो आला की डायरी आधी पाटीवर उतरते. आमच्या बायनरीत त्या जागी एमफेन्स नव्हती, लॉक नव्हता. नोंद लिहिणारी सूचना, आणि लगेच खाली रिंग वाचणारी सूचना. मध्ये काहीच नाही.

मी म्हटलं, कंपायलर असं करणार नाही. ती म्हणाली, "कंपायलरनं नाही केलं. कॉन्फिगमध्ये एसएमपी बंद आहे."

एसएमपी म्हणजे कर्नलची एकाहून जास्त सीपीयू सांभाळण्याची सोय. कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये बघितलं. कोणी केलं, कधी केलं. मीच. संदेशही माझ्याच शब्दांत: "गेस्टला एकच सीपीयू, एसएमपी बंद, कर्नल लहान, बूट लवकर." एसएमपी बंद असलेल्या कर्नलमध्ये एसएमपी_एमबी म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना फक्त, प्रोसेसरला काहीच नाही. यात गैर नाही. खऱ्या यंत्रात एकच सीपीयू असेल तर त्याला आपली डायरी आपल्याला वाचता येतेच, दुसरा बघणारा कोणी नाही. माझा गेस्ट मात्र खऱ्या यंत्रात नव्हता. त्याच्या मते तो एकटा होता, आणि त्याची मेमरी शेजारच्या कोअरवरून होस्ट वाचत होता.

हा खड्डा कर्नलवाल्यांना माहीत आहे. मेमरी बॅरियरच्या अधिकृत दस्तऐवजात व्हर्च्युअल मशीनच्या गेस्टसाठी वेगळा परिच्छेद आहे, आणि २०१६ पासून व्हर्ट_एमबी नावाचा वेगळा बॅरियर आहे, जो एसएमपी चालू असो वा बंद, प्रोसेसरपर्यंत पोचतो. मूळ व्हर्टिओ तोच वापरतो. मी रचना उचलली ती एका जुन्या लेखातून.

दुरुस्ती

बदल तीन ओळींचा. झोपण्याआधीच्या जागी, पाठवायच्या रिंगवर होस्टला हाक मारण्याआधीच्या जागी, आणि तशाच एका तिसऱ्या ठिकाणी एसएमपी_एमबीचा व्हर्ट_एमबी. लिहिण्या-वाचण्याचे हलके बॅरियर एक्स-८६ वर कंपायलरपुरतेच असतात, तरी तेही बदलले, कारण उद्या कोणी हे खोकं एआरएम जातीच्या प्रोसेसरवर नेलं तर तिथे इतकी माफी नाही.

वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. एक जण म्हणाला, ड्रायव्हरला हात कशाला, एसएमपी चालू करून टाकू. आमच्या दोषापुरतं ते चाललंही असतं. पण एसएमपी असलेला एक्स-८६ कर्नल एकाच सीपीयूवर बूट झाला तर तो स्वतःच्या कोडातले ठरावीक लॉक उपसर्ग चालू असताना पुसून टाकतो, वेग मिळावा म्हणून. एसएमपी_एमबीमधला लॉक त्या यादीत नाही, साध्या ॲटॉमिक (मध्ये कोणी घुसू न शकणाऱ्या) क्रियांचे आहेत. उद्या आमच्यापैकी कोणी सामायिक रिंगवर साधी ॲटॉमिक बेरीज लिहिली की तोच खड्डा, झाकण वेगळं. ड्रायव्हरच दुरुस्त केला, आणि बायनरीत त्या तीन जागी लॉक आहे का हे बघणारी एक तपासणी बिल्डमध्ये टाकली. ती बेंगरूळ आहे, पत्त्यांच्या आसपास मजकूर शोधते. राहू दिली.

त्याच खोक्यावर ७२ तास चाचणी चालवली, म्हणजे ३८८ कोटी ८० लाख डुलक्या. एकदाही अडकलं नाही.

फाउंड्रीत खोकं परत बसवताना मालक म्हणाले, "ते आपोआप चालू करणारं असू दे की. काय खातंय का ते?" मी नको म्हटलं. खूप घासाघीस झाली. शेवटी ठरलं की स्क्रिप्ट राहील, पण इंटरफेसला हात लावणार नाही. अडकलं तर फाइलमध्ये वेळ लिहील आणि काकांच्या टेबलावरचा बझर वाजवील. केबलचे पैसे पुढच्या बिलातून वजा केले. ते मालकांनी मागितले नव्हते, म्हणून जास्तच टोचलं.

खोकं बसवल्यावर पाचव्या आठवड्यात बझर वाजला. रात्री अकराला पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीला गेलो, लॅपटॉप उघडला, फाइलमध्ये एकच नोंद. तोपर्यंत काका हातात काहीतरी धरून पॅनलमागून बाहेर आले. नव्या हेल्परने स्विचचा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला होता.

"ह्ये झोपलं न्हवतं," काका म्हणाले, "ह्याला उपाशी ठेवलं हुतं."